24.05 वर अडकलेले माझे चार दिवस

भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये ब्लोअरच्या मोटरचा वेग कंपनांवरून काढायचा होता. चार पोलची मोटर, 50 हर्ट्झचा सप्लाय, म्हणजे सिंक्रोनस वेग (मोटरमधल्या फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा) 1500 आरपीएम, मिनिटाला 1500 फेरे. लोड वाढला की स्लिप, म्हणजे त्या वेगाच्या मागे पडणं, वाढते, वेग उतरतो. लोड सतत हलता, त्यामुळे तुकडा जेमतेम दोन सेकंदांचा: सेकंदाला 200 नमुने, एकूण 400. एफएफटीने, म्हणजे सिग्नल वारंवारतांमध्ये फोडायच्या नेहमीच्या रीतीने, खण अर्ध्या हर्ट्झचे पडतात, म्हणून एआर (ऑटोरिग्रेसिव्ह) मॉडेल घेतलं: प्रत्येक नमुना आधीच्या काही नमुन्यांवरून मांडायचा आणि त्यावरून स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती जोर ते, काढायचं. संख्याशास्त्रज्ञ यूलने 1927 मध्ये सूर्यडागांच्या आकड्यांवर वापरलं ते हेच.

आणि तिथेच अडकले. टॅकोमीटर (वेग मोजायचं यंत्र) 1440 दाखवत होता, म्हणजे 60 ने भागून 24 हर्ट्झ, तेव्हा स्पेक्ट्रमचं शिखर 24.05 हर्ट्झवर. 1446 झाला, म्हणजे 24.10 हर्ट्झ, तरी 24.05! सेन्सर बदलला, वायर बदलली, सेन्सरचा चुंबक पुसून पुन्हा बसवला. "टॅको खोटं बोलत नाही, मॅडम," ऑपरेटर दादा शांतपणे म्हणाले. चौथ्या रात्री घरी सगळे आकडे एकाखाली एक लिहिले: 23.85, 24.05, 24.25. मधलं काहीच कधी येत नव्हतं. मी वापरत होते ते आर या प्रोग्रामिंग भाषेतलं स्पेक-एआर हे फंक्शन, वेगळं न सांगितल्यास, शून्यापासून 100 हर्ट्झपर्यंत फक्त 500 बिंदूंवर स्पेक्ट्रम काढतं, म्हणजे दोन बिंदूंत 0.2 हर्ट्झचं अंतर. मॉडेलचा वक्र अखंड असतो, मी मात्र तो जाळीतून बघत होते. बिंदूंची संख्या आपण देऊ शकतो, हे मदतीच्या पानावर एका ओळीत आहे. चार दिवस गेले याचा राग अजून आहे.

बिंदू 10,000 केले. शिवाय मॉडेलचे गुणक काढायची तिथली मूळ पद्धत यूल-वॉकर; तुकडा छोटा आणि शिखर टोकदार असलं की ती शिखर पसरवते, सरकवतेही. त्याऐवजी बर्ग ही पद्धत घ्या. पण ऑर्डर, म्हणजे आधीचे किती नमुने धरायचे ती संख्या, वाढवत सुटू नका, एका शिखराची दोन होतात. एआयसीने (ऑर्डर निवडायच्या एका निकषाने) सुचवलेल्या ऑर्डरच्या आसपासच्या दोन-तीन ऑर्डर लावून शिखर जागचं हलतं का ते बघा. मॉडेलच्या गुणकांपासून बनणाऱ्या बहुपदीच्या मुळाच्या कोनावरूनही वारंवारता काढता येते, मात्र ती शिखराशी तंतोतंत जुळेलच असं नाही.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: नमुने 200 वर आणण्याआधी लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) लावा, नाहीतर वरच्या वारंवारता दुमडून खाली येतात. सरासरी आपोआप वजा होते, चढ-उताराचा कल होत नाही, तो स्वतः काढा.

पाचव्या दिवशी 24.01 आणि 24.10 आले. दादांना स्क्रीन दाखवली, त्यांनी 60 ने गुणून पाहिलं आणि मान डोलावली.