सक्तीची भरती: आधी सवलतींची यादी बघा

सीमेवर तणाव वाढला की सोलापुरात चहाच्या टपरीपासून व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एक मागणी हमखास निघते: घरटी एक पोरगा सैन्यात घ्या, सक्ती करा. त्यामागची तळमळ खरी असते. पण सक्ती न्याय्य आहे का, हे ठरवायला सवलतींची यादी बघावी लागते. सूट कोणाला, ती देणार कोण आणि नाकारली तर दाद कुठे मागायची?

अमेरिकेच्या यादवी युद्धात 1863 च्या कायद्याने 300 डॉलर भरणाऱ्याची सुटका होत होती. मजुराची ती जवळपास वर्षाची कमाई. त्याच वर्षी जुलैत न्यूयॉर्कमध्ये गरिबांचा भडका उडाला, आणि राग निघाला तो निरपराध कृष्णवर्णीयांवर.

व्हिएतनाम युद्धात पैशांची जागा कॉलेजने घेतली. शिकत असलेल्यांची भरती पुढे ढकलली जायची. हाच नियम आपल्याकडे लावून बघा: इंजिनिअरिंगचा विद्यार्थी घरी राहील, आणि यंत्रमागावर पाळी करणारा, विड्या वळणाऱ्या आईचा मुलगा आघाडीवर जाईल. नियमात जातीचं किंवा पैशाचं नावही नसेल, तरी निकाल तोच.

मग चिठ्ठ्या टाकल्या तर? 1 डिसेंबर 1969 ला अमेरिकेने तेही केलं. वर्षाच्या 366 तारखा निळ्या कॅप्सूलमध्ये घालून एकेक काढल्या. ज्या क्रमाने तारीख निघेल त्या क्रमाने त्या दिवशी जन्मलेल्यांना बोलावणं. पण कॅप्सूल महिन्यावार भरल्या होत्या आणि नीट ढवळल्या गेल्या नाहीत. वर्षअखेरच्या तारखा लवकर बाहेर आल्या. बोलावणं 195 व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि डिसेंबरच्या 31 पैकी 26 तारखा त्यात सापडल्या. पुढच्या वर्षी पद्धत बदलावी लागली, पण गेलेल्यांना त्याचा काय उपयोग!

सदसद्विवेकाचा प्रश्न याहून अवघड. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने 1916 मध्ये सक्ती आणताना शस्त्र नाकारणाऱ्यांसाठी सुनावणीची सोय ठेवली, पण समोर लष्कराचा प्रतिनिधीही बसे. त्याच वर्षी अशा 35 जणांना फ्रान्समध्ये नेऊन मृत्युदंड सुनावला. नंतर तो 10 वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. मन तपासणारा माणूस लष्कराचा नसावा, हा धडा त्यातून घ्यायला हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीने तर मूलभूत कायद्याच्या, म्हणजे तिथल्या राज्यघटनेच्या, चौथ्या कलमातच लिहून ठेवलं की विवेकाविरुद्ध कोणालाही सशस्त्र सेवेची सक्ती करता येणार नाही.

आपल्या राज्यघटनेचं कलम 23 वेठबिगारी बंद करतं, पण त्याचाच दुसरा भाग सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा सरकारला देतो. अट एवढीच, की निव्वळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग पाहून भेदभाव नको. विवेकाच्या कारणावरून नकार देण्याबद्दल त्यात अक्षरही नाही. आपण सक्ती वापरलेली नाही. दुसऱ्या महायुद्धातलं सुमारे 25 लाखांचं भारतीय सैन्य स्वेच्छेने भरती झालेल्यांचं होतं. अर्थात पोटाच्या गरजेने भरती होणाऱ्याची स्वेच्छा किती मोकळी, हा प्रश्न तेव्हाही होता. पहाटे भरतीसाठी 1600 मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या पोरांबाबत तो आजही आहे.

देशाचं अस्तित्वच पणाला लागलं आणि स्वेच्छेने येणारे खरोखर कमी पडले, तरच सक्ती मला मान्य होईल. तेव्हाही पैसा, पदवी किंवा ओळख यांवर सूट नको. नकार देणाऱ्याला लष्कराबाहेरच्या अधिकाऱ्यापुढे सुनावणी हवी. आणि त्याला रुग्णवाहिका, रुग्णालय, पूरनियंत्रण अशी तेवढ्याच मुदतीची पर्यायी सेवा मिळायला हवी.