जास्तीची फांदी

परवाची गोष्ट डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. मी नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवते, सध्या फर्स्ट इयरचं काख आणि दंडाचं डिसेक्शन, म्हणजे देह उलगडून बघणं, चालू आहे. लोकांना वाटतं डिसेक्शनच्या हॉलमध्ये पोरं चक्कर येऊन पडतात. पडतं एखादं, पहिल्या आठवड्यात. नंतर भीती उरते ती फक्त व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची.

काख साफ करणं फार चिकाटीचं काम. छातीचा मोठा स्नायू पेक्टोरॅलिस मेजर उलटवायचा, मग त्याखालचा मायनर, चरबी चिमट्याने कण कण काढायची, छोट्या व्हेन्स (शिरा) आधी काढायच्या नाहीतर काही दिसतच नाही, डोळे फॉर्मॅलिनने चुरचुरतात, आणि मग कुठे आर्टरीभोवती (धमनीभोवती) नर्व्हजचा, मज्जातंतूंचा, तो इंग्रजी एम उभा राहतो. एमचा बाहेरचा पाय म्हणजे मस्क्युलोक्युटेनियस नर्व्ह, ती कोरॅकोब्रेकियालिस या दंडाच्या स्नायूतून आरपार जाऊन बायसेप्सला, कोपर वाकवणाऱ्या स्नायूला, पोचते, हे सगळ्यांना तोंडपाठ.

टेबल तीनवर एमचा तो पायच नव्हता. ती जिच्यातून फुटते ती लॅटरल कॉर्ड अख्खी मीडियनमध्ये, एमच्या मधल्या नर्व्हमध्ये, गेलेली. आणि टेबल इतकं स्वच्छ की मलाच शंका आली. म्हटलं, बायसेप्सची नर्व्ह कुठाय? सगळे गप्प. मग त्यातला एक बोलला, निफाडकडचा, घरी द्राक्षबाग, बॅचमध्ये सगळ्यात छान हात त्याचाच. म्हणाला, "मॅडम, मस्क्युलोक्युटेनियस आमच्याकडून तुटली असं वाटलं. आणि मीडियनला दंडात एक जास्तीची फांदी होती, पुस्तकात तिथे नसते, म्हणून ती काढून टाकली."

अरे, तीच तर होती यांची बायसेप्सची नर्व्ह! टेबलावरच्या आजोबांनी जन्मभर तांब्या तोंडाला लावला तो त्याच फांदीच्या जोरावर. अशा माणसाची मीडियन दंडात वरच कापली गेली तर नुसता पंजा नाही, कोपर वाकवायची ताकदही जाते, उद्या हीच पोरं सर्जन होणार आहेत. देहदान केलेल्या माणसाचं नावसुद्धा आम्हाला माहीत नसतं, पहिल्या दिवशी शपथ घेतो की या देहाचा मान राखू, आणि त्याच्यात जे खास त्याचं होतं तेच आम्ही छाटलं.

पोरांवर चिडू तरी किती? वैद्यकीय शिक्षणाच्या 1997 च्या नियमांनी फर्स्ट एमबीबीएस दीड वर्षाचं एक वर्ष झालं, एका टेबलाभोवती वीस-बावीस जण, स्काल्पेल (कापायची सुरी) चौघांच्या हातात, बाकीचे मोबाईलवर थ्री-डी अ‍ॅप बघतात, त्यात प्रत्येक माणूस सारखाच. आणि नीट या प्रवेशपरीक्षेच्या तयारीच्या दोन वर्षांत शिकलेले असतात की उत्तर चारपैकी एकच बरोबर.

दोन्ही तुटकी टोकं शोधायला पाऊण तास गेला. सापडली. मधे पिवळा दोरा बांधून सगळ्या बॅचला बोलावून दाखवलं.

जाताना निफाडच्या त्या पोराने हळूच विचारलं, "मॅडम, परीक्षेत काय सांगायचं?"

मी म्हटलं, पुस्तकातलंच सांग.