सॅव्हेजची पट्टी, भाग ७: तंबूतले तीन दिवस

मंडळी, पट्टीवर अलेक्झांडर बसला! (नव्यांसाठी: व्हँडल सॅव्हेज हा डीसी कॉमिक्समधला अमर खलनायक, आणि त्याचं अख्खं आयुष्य मी एका लांब कागदी पट्टीवर आखतोय.) चार महिने ज्या एका रेघेपायी सगळी पट्टी अडून होती, ती शनिवारी रात्री दीड वाजता मारली. ०.३ च्या पेनाची एक उभी रेघ. आपलं प्रमाण शंभर वर्षांना एक सेंटिमीटर, म्हणजे त्या रेघेची जाडी बरोबर तीन वर्षं. आणि व्हँडल सॅव्हेज अलेक्झांडर म्हणून वावरलाच असेल, तर तो तीनच वर्षं. कसं ते सांगतो.

शाईचे रंग पहिल्या भागात ठरले तेच आहेत. कॉमिकच्या पॅनेलमध्ये, म्हणजे चित्रचौकटीत, प्रत्यक्ष दाखवलेलं निळं, सॅव्हेज स्वतःच्या तोंडानं सांगतो ते लाल, आणि आपला तर्क पेन्सिलीत. लाल पेन तिसरं चालू आहे. १९४३ च्या 'ग्रीन लँटर्न'च्या १०व्या अंकात आल्फ्रेड बेस्टर आणि मार्टिन नोडेल यांनी त्याला आणल्यापासून वेगवेगळ्या कथांत मिळून इजिप्तचा राजा खुफू मीच, अलेक्झांडर मीच, सीझर मीच, चंगीझखान मीच, समुद्री चाचा ब्लॅकबिअर्डही मीच, असं तो सांगत आलाय. त्याच्या आयुष्याचा केवढा मोठा भाग निव्वळ त्याच्या सांगण्यावर उभा आहे, हे पट्टीवर रंग चढल्याशिवाय दिसत नाही. ही बखर आहे, आणि बखरकारही तोच. मग बखर तपासतात तशीच ही तपासायची: इतिहासाचे कागद शेजारी ठेवून.

मागच्या भागात मी मृतदेहांचा रकाना पाडला होता. तो भरला आणि अंगावर काटा आला. खुफूच्या पिरॅमिडमधली दगडी पेटी रिकामी. चंगीझखानाची कबर आजवर सापडलेली नाही. अलेक्झांडरचं थडगं एके काळी अलेक्झांड्रियात लोक पाहत होते, आता त्याचा ठावठिकाणा नाही. पाचांपैकी तिघांचा देहच हाती नाही! ब्लॅकबिअर्डचं मात्र अवघड आहे. २२ नोव्हेंबर १७१८ ला अमेरिकेच्या किनाऱ्यावरल्या ओक्राकोक बेटाजवळ त्याचं मुंडकं कापून जहाजाच्या नाळेवर टांगलं होतं. धड पाण्यात पडलं आणि जहाजाभोवती पोहत राहिलं, अशी दंतकथा तिकडे आहे. ती मला फार आवडते, पण दंतकथेवर रेघ मारणार नाही. ब्लॅकबिअर्ड लालच राहील.

खरा अडसर मृत्यूचा नव्हता, बालपणाचा होता. सॅव्हेज हा इसवी सनापूर्वी ५०,००० च्या आसपासचा वँडर अ‍ॅडग. उल्केमुळे अमर झाला तेव्हा तो पुरता वाढलेला टोळीप्रमुख होता, आणि तेव्हापासून तसाच आहे. अलेक्झांडर तर इ.स.पू. ३५६ मध्ये पेल्ला इथे जन्मला, फिलिपच्या घरात वाढला, अ‍ॅरिस्टॉटलकडे शिकला. सॅव्हेज त्या पोराच्या जागी असूच शकत नाही. म्हणजे मध्येच कुठेतरी अदलाबदल झाली असली पाहिजे. पण कुठे?

आधी मी इजिप्तमधल्या सिवावर पैज लावली होती. इ.स.पू. ३३१ मध्ये वाळवंटातल्या त्या देवळात अलेक्झांडर कौल लावायला गेला, बाकीचे बाहेर थांबले, तो एकटा आत गेला. आत गेला तो अलेक्झांडर, बाहेर आला तो सॅव्हेज. इतकं चपखल वाटलं की जानेवारीत पेन्सिलीची रेघही मारून टाकली.

ती रेघ अलेक्झांडरच्या घोड्यानं, ब्युसेफॅलसनं पुसली. राजाचं खोगीर चढवलं की हा घोडा दुसऱ्या कुणालाही पाठीवर घेत नसे, असं रोमन लेखक प्लिनी लिहितो. सेनापतींना फसवता येईल, दाढी-केसांचं काहीतरी करता येईल, पण सिवानंतर पाच वर्षं या घोड्यानं परक्या माणसाला पाठीवर घेतलं असतं का? माझं मन मानेना. एक महिना मी पट्टीला हात लावला नाही.

मग शनिवारी अलेक्झांडरचा जुना चरित्रकार अ‍ॅरियन पुन्हा उघडला, घोडा मेला कधी एवढंच बघायला. इ.स.पू. ३२६, झेलमच्या लढाईनंतर. म्हणजे अदलाबदल त्यानंतरची हवी. पान उलटलं आणि बियासचा काठ आला. सैन्य पुढे यायला तयार नाही. अलेक्झांडर चिडून तंबूत जातो, जिवलग सोबत्यांनाही आत घेत नाही, ते थेट तिसऱ्या दिवसापर्यंत. आणि बाहेर येतो तो काय जाहीर करतो? परत फिरायचं! ज्यानं आजवर पाय मागे घेतला नव्हता, तो. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

पुढचंही जुळतं. काही महिन्यांत पंजाबातल्या मल्ली लोकांच्या किल्ल्यावर तो जवळजवळ एकटाच आत उडी घेतो. छातीत बाण घुसतो, श्वासाबरोबर जखमेतून रक्त येतं, छावणीत तो गेल्याचीच बातमी पसरते, आणि तरी तो वाचतो. आणि शेवट: इ.स.पू. ३२३, बॅबिलॉन. सेनापती आपसात भांडत असताना देह उकाड्यात कितीतरी दिवस तसाच पडला होता, पण बिघडला नाही, हे खुद्द ग्रीक चरित्रकार प्लूटार्क सांगतो. सॅव्हेजचा देह बिघडणारच नाही!

दोन शंका तुम्ही काढणारच, म्हणून आधीच सांगतो. जग जिंकायला निघालेला सॅव्हेज परत कशाला फिरेल? माझ्या मते त्याला घाई नसते. पन्नास हजार वर्षं जगलेल्या माणसाला थकलेलं सैन्य ओळखता येतं. दुसरी शंका अलेक्झांडरच्या जिवलग मित्राची, हेफेस्टियनची, आणि ती मला सुटलेली नाही. तो इ.स.पू. ३२४ पर्यंत जिवंत होता आणि त्याला फसवणं अशक्य. तो सामील होता का? तिथे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह ठेवलंय.

आता सामानाचं. बिलाच्या मशीनचा थर्मल रोल स्वस्त पडतो, पण घेऊ नका. त्यावर शाई बसत नाही, बोट लागलं की फरफटते. माझे पहिले दोन मीटर असेच गेले. आता जाड ट्रेसिंग रोल वापरतोय, ब्लेडनं हलकं खरवडलं की चूकही निघते. एका विक्रेत्यानं १९८७ च्या 'फ्लॅश'चा पहिला अंक मागे पुठ्ठा न लावता पाठवला आणि कण्यावर घडी पडली. वाचायचाच अंक होता, पण सॅव्हेज त्यात आहे म्हणून जास्त लागलं. पुठ्ठा आधी कबूल करून घ्या, मगच पैसे द्या.

पट्टीचं उजवं टोकही पुरं झालं. १९९८ च्या 'डीसी वन मिलियन'मध्ये तो ८५३व्या शतकापर्यंत जगतो, म्हणून एकूण लांबी साडेतेरा मीटर. तिथून तो काळात मागे फेकला जातो तो थेट मॉन्टेव्हिडिओत, त्यानं स्वतःच घडवलेल्या स्फोटाच्या तोंडावर. म्हणजे आयुष्याचं टोक उजवीकडे आणि मरण मात्र १९९८ मध्ये! मी उजव्या टोकाला टाचणी मारून लाल दोरा मागे १९९८ पर्यंत ताणला. सव्वाआठ मीटरच्या वर दोरा, हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत. त्याच्याखालून वाकून जाताना दर वेळी छान वाटतं.

यानंतर २००८ च्या 'रेव्हलेशन्स'मधली गुंतागुंत घ्यायची होती, जिथे सॅव्हेज म्हणजेच बायबलमधला केन ठरतो. तिच्यासाठी खाली वेगळी पट्टी लागेल, ते ठरलंय. पण हे लिहिता लिहिता सीझर डोक्यात शिरला, तर आधी तोच. चाच्यांनी त्याला ३८ दिवस धरून ठेवलं होतं, तिथे बदली झाली असेल असं क्षणभर वाटलं. पण त्यानंतर तो रोमला आईकडे परत येतो. घोड्याला जो न्याय लावला तोच त्या आईला, ऑरेलियाला लावायला हवा. ती गेली इ.स.पू. ५४ मध्ये, मुलगी ज्युलियाही त्याच वर्षी, आणि सीझर तेव्हा रोमपासून लांब, मोहिमेवर. सैन्य घेऊन रोमवर चालून जाताना रुबिकॉन नदी ओलांडली ती इ.स.पू. ४९ मध्ये. मधली पाच वर्षं पट्टीवर अर्धा मिलिमीटर भरतात. अडचण एकच: सीझरला टक्कल होतं आणि सॅव्हेजचे केस भरघोस. गॉलच्या मोहिमेतलं वर्षवार काही वाचलेलं असेल तर कळवा, रविवारी ०.५ चं पेन घेऊन बसतोय.