वॉर्डातलं कन्नड

कोल्हापुरात दवाखान्यात नोकरी म्हटल्यावर सीमाभागातले पेशंट आलेच. निपाणीकडच्या लोकांशी मराठीवर भागतं. गोकाक, रायबागकडची म्हातारी माणसं आली की मात्र सगळा कारभार सोबतच्या नातेवाइकाच्या तोंडून. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी कन्नड शिकायला घेतलं. मोबाईलवरचं कन्नड बेंगळुरूचं. ते ऐकून पेशंट नुसते बघत राहायचे. खरं शिकवलं ते संकेश्वरकडच्या आमच्या वॉर्डातल्या मावशींनी. बसा म्हणायचं तर 'कूतकोळ्ळी' नव्हे, 'कुंदर्री'.

प्रश्न पाठ करता येतात हो, उत्तर कुठं पाठ असतं? म्हणून मी प्रश्नच असे निवडले, की समोरून 'हौदु' (हो) नाहीतर 'इल्ल' (नाही) यावं.

त्या दिवशी तपासणीला आलेल्या एक अज्जी ओपीडीच्या बाकावरच कलंडल्या. घामानं चिंब, हाक मारली तर नुसते डोळे किलकिले. ग्लुकोमीटरवर साखर ४८, म्हणजे फारच कमी. शिरेतून २५ टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे साखरेचं सलाईन, गेलं आणि थोड्या वेळात अज्जी पदर सावरायला लागल्या.

मुलगा सांगत होता, "इन्सुलिन वेळेवर, जेवण वेळेवर. काही चुकत नाही सिस्टर." डॉक्टर रोजचाच डोस कमी करायच्या विचारात होते. मी अज्जींजवळ बसले, पोटाकडं बोट दाखवून विचारलं, "सूजी तगोंड्री?" म्हणजे सुई घेतली का?

"हौदु."

"ऊटा आत्री?" जेवण झालं का?

अज्जींनी आधी मुलाकडं बघितलं. मग हळूच, "इल्ल."

पुढं त्या भडाभडा बोलल्या, त्यातलं मला 'सोमवार' तेवढं कळलं. बाकीचं मावशींनी सांगितलं. दर सोमवारी उपास, दुपारपर्यंत नुसता चहा. सुई मात्र चुकवायची नाही, असं गावाकडच्या डॉक्टरांनी बजावलेलं. मुलगा नोकरीला इचलकरंजीत, अज्जी गावी. त्याला पत्ता कसा लागणार?

आमच्या डॉक्टरांनी उपासाच्या दिवसाचं वेगळं लिहून दिलं. हात थरथरले, घाम फुटला तर काय करायचं, ते मी सांगितलं: "मूरु चमचा सक्करी," म्हणजे तीन चमचे साखर. पंधरा मिनिटांनी परत साखर तपासायची, हे सांगायचं मावशींवर सोपवलं. अज्जी खळखळून हसल्या, अर्थात माझ्या कन्नडला. मग तेच त्यांनी स्वतःच्या तोंडानं मुलाला सांगितलं, तेव्हा कुठं माझी खात्री पटली.

आता वरच्या मजल्यावरूनही फोन येतो, "सिस्टर, कन्नड पेशंट आहे, जरा येता का?" त्याचा भत्ता वगैरे काही मिळत नाही. सध्या मावशींकडं वेळ आणि वार शिकतेय. दुखणं कधी सुरू झालं हे विचारता येतं. उत्तर अजून पेशंटच्या बोटांवर मोजून घ्यावं लागतं.