रस्ता मध्येच का वळतो?

मला विचाराल तर कुठलंही शहर बघायची सुरुवात त्याच्या प्रसिद्ध चौकापासून करूच नये. तिथे काय बघायचं ते आधीच ठरलेलं असतं. मी काय करते, एखादी लांबची बस पकडते, शेवटच्या स्टॉपला उतरते आणि चालत मागे फिरते. याचा फायदा असा की भाग अनोळखी असला तरी टेन्शन येत नाही, आपण मुक्कामाच्या जवळच येत असतो आणि पाय बोलायला लागले की बसचा रस्ता शेजारीच असतो.

पण साध्यासुध्या वस्तीत बघायचं काय? रस्ता बघा ना! सरळ चाललेला रस्ता मध्येच उगाच वळला की थांबायचं, कारण उगाच तो कधी वळत नाही. लंडनमध्ये मॅरिलबोन लेन म्हणून गल्ली आहे, आजूबाजूचे रस्ते सरळसोट आणि ही एकटीच नागमोडी, कारण ती जुन्या टायबर्न नदीच्या कडेकडेने गेलेली, नदी केव्हाच जमिनीखाली गाडली गेली पण वळणं तशीच राहिली. न्यूयॉर्कचा ब्रॉडवे पण त्यातलाच, १८११ साली मॅनहॅटनचा काटकोनी आराखडा ठरला पण ब्रॉडवे मुळात तिथल्या आदिवासींची पायवाट, तो काही त्या चौकटीत बसला नाही, तिरका तो तिरकाच. रोममधला पियाझ्झा नाव्होना हा चौक तसा लांबुळका का, तर त्याच्याखाली डोमिशियन बादशहाचं पहिल्या शतकातलं स्टेडियम आहे. ही झाली फेमस उदाहरणं, पण असलं काहीबाही बिनानावाच्या वस्त्यांतही सापडतं, फक्त तिथे पाटी लावलेली नसते, आपणच डोकं चालवायचं.

दुसरं म्हणजे दारं. जुन्या वस्तीत कधीकधी रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरून घरात जावं लागतं. घर खचलेलं असेलच असं नाही बरं का, बहुतेकदा रस्ताच वर आलेला असतो, डांबरावर डांबर, थरावर थर, आणि पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून दाराशी घातलेला वीतभर उंचीचा विटांचा बांध, वरून सिमेंट, आणि ते ओलं असतानाच त्यावरून गेलेल्या मांजराची पावलं. अशी खोल दारं ओळीने दिसली की समजायचं, वस्ती जुनी आहे.

मॅप बंद ठेवून भटका म्हणणारे असतात, मला नाही पटत. मी आधी सॅटेलाइट व्ह्यू नीट बघते, वाकडे रस्ते तिथेच दिसतात. वेळ सकाळची, दुपारी नुसती बंद दारं. आणि घरांचे फोटो काढायचे तर आधी विचारायचं, बास.

एकट्याने जमत नसेल तर जेन्स वॉक शोधा, म्हणजे गटाने पायी फिरणं. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांच्या आठवणीत २००७ साली टोरांटोत सुरू झालं, आता बऱ्याच शहरांत साधारण मे महिन्याच्या सुरुवातीला असतं, त्या भागातली माणसंच फिरवतात आणि तेही फुकट. कोणी फारच भाषण ठोकायला लागलं तर मागे राहून शेजारच्या गल्लीत सटकायचं, मी तेच करते.