हिरवी पाठ दिसली म्हणून ॲलन्स म्हणू नका (सिएरा व्हिस्टा, ॲरिझोना)

ऑगस्टच्या पहिल्या वीकेंडला चँडलरहून सिएरा व्हिस्टाला गेलो होतो, डोक्यात एकच, रूफस आणि ॲलन्स हे दोन्ही हमिंगबर्ड एका फेरीत उरकायचे. गाइड फोनवर छातीठोकपणे म्हणाला ॲलन्स दाखवतोच, अर्ध्या दिवसाचे २०० डॉलर. मिलर कॅन्यनचा शेवटचा कच्चा रस्ता आदल्या दिवशीच्या पावसाने चर पडून गेलेला, आमची सेडान दोनदा खालून घासली, प्रत्येक वेळी माझ्या पोटात गोळा. उंच गाडी नसेल तर खाली लावून चालत जा, अजिबात हिरोगिरी करू नका. दीड तासाने एक हिरव्या पाठीचा, तांबूस कुशीचा नर आला, गाइड म्हणाला बघा, हिरवी पाठ, झाला ॲलन्स. मी खूश. बायको तेवढी म्हणाली, "अरे पण शेपटी कुठे बघितली?"

तिचंच बरोबर होतं. पाठ पूर्ण तांबूस असलेला प्रौढ नर म्हणजे रूफस, एवढं बिनधास्त म्हणता येतं. उलटं नाही, कारण काही रूफस नरांच्या पाठीवरही भरपूर हिरवं असतं. खरा निकाल शेपटीत. मधली जोडी सोडून शेजारचं पीस बघायचं, रूफस नरात त्याच्या टोकाजवळ खाच असते, ॲलन्समधे नसते, आणि ॲलन्सचं सगळ्यात बाहेरचं पीस अगदी सुईसारखं बारीक. माद्या आणि पिल्लांच्या नादी लागूच नका, ईबर्डवर (पक्षीनोंदींचं ॲप) सरळ "रूफस/ॲलन्स" टाका. आमच्या २०० डॉलरवाल्या नराचीही तीच गत झाली, सगळ्या फोटोत नुसती पाठ.

दुसऱ्या दिवशी गाइडबिइड काही नाही, ॲश कॅन्यनला सावलीत खुर्ची टाकून बसलो, गाडी जवळपर्यंत जाते, थोडीफार देणगी द्या. एक रूफस साखरपाण्याच्या फीडरवर मालकी सांगत होता, जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅमचा जीव आणि दुप्पट वजनाच्या रिव्होली हमिंगबर्डला पिटाळून लावतो! काडीवर बसून त्याने अंग साफ करताना शेपटी पंख्यासारखी उघडली, मी १/२००० सेकंदाच्या शटरवर सलग फोटोंचा बर्स्ट मारला, तिसऱ्या फ्रेममधे ती खाच, नखाने कुरतडल्यासारखी. मी खुर्चीतून जवळजवळ पडलो. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणे हा तर आपला शिंजीर, म्हटलं आई, भारतात हमिंगबर्ड नसतात गं.

ॲलन्सच हवा असेल तर ॲरिझोनात पैसे घालवू नका. इथून तो फार कमी संख्येने जातो, आणि त्याचे नर जून-जुलैतच दक्षिणेकडे सरकायला लागतात. लॉस एंजेलिसजवळ पालोस व्हर्डेसला जा, तिथली ॲलन्सची उपजात वर्षभर राहते. फेब्रुवारीत नर झोपाळ्यासारखे झोके घेत मादीपुढे मिरवतात, ते रूफसचं नाही. अर्थात तेव्हा रूफसही किनाऱ्याने अलास्काकडे निघालेले असतात, म्हणजे तिथेही शेपटी बघावीच लागणार.

फीडरवर सकाळी लवकर पोचा, दुपारी गडगडाट सुरू झाला की ओढ्यातून गाडी घालू नका. आणि परतताना हायवे ९० वर बॉर्डर पेट्रोलचं चेकपोस्ट लागतं, व्हिसावर असाल तर पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) हाताशी ठेवा, आमचे डिकीत बॅगेच्या तळाशी होते, पाऊस पडत होता.