फ्लेक्सवर चौथं नाव

गेल्या वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीच्या वर्धापनदिनाचा फ्लेक्स छापून आला, तर त्यावर माझं नाव चौथं. चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीचा सेक्रेटरी मी, पत्रिका मी लिहिली, मांडववाल्याशी घासाघीस मी केली, आणि खजिनदाराचं नाव माझ्या वर! चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. फक्त छापणाऱ्याला फोन करून सांगितलं की ‘आशीर्वाद’मधली ‘शी’ ऱ्हस्व पडली आहे, पुन्हा छापा. ती खरंच ऱ्हस्व पडली होती. तेवढ्यात नावांचा क्रमही बदलून घेतला. पैसे दानार्पणातून नाही, माझ्या खिशातून दिले, एवढं तरी लिहू द्या.

फ्लेक्सवर सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत होतं ‘देवाचे सेवक’. म्हणजे बाहेरगावचे पाहुणे उपदेशक. त्यांना गादीची खुर्ची, शाल, श्रीफळ. आमच्या नगरकडच्या मंडळ्यांत ‘सेवक’ हा हुद्दा कधी होऊन बसला कळलंच नाही. ‘सेवक आले का?’ ‘सेवकांना आधी वाढा.’ बाहेरचा मराठी माणूस हे ऐकून चक्रावेल. वाढायचं सेवकाने की सेवकाला? ‘डीकन’ या चर्चमधल्या हुद्द्याचंही तेच. मूळ ग्रीक शब्द ‘दिआकोनोस’, म्हणजे पंगतीत वाढणारा, पडेल ते काम करणारा. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला काम सुरू केलं, त्या परंपरेतून हा शब्द आमच्या घराघरांत आला. माझे आजोबा डीकन होते, आणि पहिल्या बाकावर त्यांची जागा ठरलेली होती. तिथे दुसरं कुणी बसलं की ते नुसते खाकरायचे.

तर त्या दिवशी प्रीतिभोजन उरकलं. पाहुण्यांची गाडी गेली. हात धुवायला म्हणून मी मागच्या नळावर गेलो, तर चर्च झाडणाऱ्या मावशी एकट्याच पातेली घासत बसलेल्या. मावशींना नम्र वगैरे कुणी म्हणणार नाही, फटकळ बाई. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, “सेक्रेटरीसाहेब, हात रिकामे असले तर हे पातेलं धरा.” पळायला वाट नव्हती. पांढरा शर्ट, भाताची करपलेली खरपुडी, आणि दहा मिनिटं मी ते पातेलं तिरपं धरून उभा.

त्यानंतर ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी योहानाच्या शुभवर्तमानातल्या तेराव्या अध्यायाचं वाचन माझ्याकडे आलं, शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुतो तो. ‘गंगाळात पाणी ओतून’ या शब्दांशी आलो की मला दर वर्षी आजीच्या न्हाणीतलं तांब्याचं गंगाळ दिसतं. या वेळी मात्र करपलेलं पातेलं दिसलं. घरी येऊन लूकचं शुभवर्तमान काढलं. त्याच रात्रीची हकीकत, बावीसावा अध्याय. भाकर मोडून झाली, प्याला फिरला, आणि शिष्यांचा वाद सुरू झाला की आपल्यात मोठा कोण. मी हे किती वेळा वाचलंय! पण त्या मेजावर फ्लेक्सचीच भानगड चालली होती हे आत्ता कळलं. आणि येशूने पाय धुतले तेव्हा त्याला धरून देणारा यहूदा अजून तिथेच होता, तो नंतर बाहेर पडला. म्हणजे त्याचेही पाय धुतले गेले. मला खजिनदाराचं नाव वर सहन झालं नव्हतं.

पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन मी तरुण संघाबरोबर दोनदा पाहिलंय. केडगावला आहे. आमच्या नगरलगतचं केडगाव नव्हे, पुणे-दौंड रेल्वेवरचं. फ्लेक्सवर घालायला रमाबाईंकडे पदव्या होत्या. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या दोन्ही कलकत्त्याने १८७८ साली दिलेल्या, वय जेमतेम वीस. पण १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी बायका-मुलींना घेऊन आल्या. उपास त्यांना नवा नव्हता, आईवडील आधीच्या दुष्काळात गेले होते. पुढे उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं, ते खेड्यातल्या बाईला कळावं म्हणून. छापखान्यातली कामंही मुक्तीतल्या बायकाच करत. एवढी संस्कृत जाणणारी बाई सोपा शब्द शोधत बसते, हे मला त्यांच्या सगळ्या कामांत सर्वांत अवघड वाटतं. मला तर साध्या नोटिशीतसुद्धा ‘तदनुषंगाने’ घातल्याशिवाय राहवत नाही.

या वर्षी फ्लेक्सवर फक्त तारीख आणि वेळ घाला, असं मी कमिटीत सुचवलं. खजिनदार हसले, पण हो म्हणाले. जेवणानंतर मी आपणहून नळावर गेलो. मावशींनी काथ्या पुढे केला, बोलल्या काही नाहीत. दुसरं पातेलं घासताना माझी मान आपोआप वळली, कुणी बघतंय का ते पाहायला. तरुण संघातला एक पोरगा मोबाइल धरून उभाच होता. संध्याकाळी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आला, खाली ‘आपले नम्र सेक्रेटरी’. मावशी फोटोत अर्ध्याच आल्या आहेत, कोपरापर्यंत.

बायको म्हणाली, काढायला सांगा तो. अजून सांगितलेलं नाही.